ऐकू येईना, स्पीकर वाकडा

माझे मोठे काका कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवतात आणि काका मागच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवतात, घासतात, चकाकवतात. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातून गेलंय," असं ते अभिमानाने सांगतात. ज्याला सांगतात तो लगेच तोंड मिटून घेतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

पोट दातांवर भरत असलं तरी काका जगतात मात्र सत्तरच्या दशकातल्या रॉकवर.

दर रविवारी दुपारी पुढच्या खोलीत तिघांची बैठक असते. काका, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातले केमिस्टकाका आणि गाडी शिकवणारे मास्तर. आळीपाळीने एकाने आपल्या आवडीची रेकॉर्ड लावायची आणि बाकीच्या दोघांनी ऐकायची. नियम काकांचे. एक बाजू संपून सुई उचलली जाईपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही, उठायचं नाही. कप बशीत ठेवला तर आवाज होतो म्हणून कप हातातच. एकदा मास्तरांनी रिकामा कप संपूर्ण बाजूभर छातीशी धरला होता, लहान मूल झोपवल्यासारखा. तीन खुर्च्या दोन स्पीकरांच्या बरोबर समोर, आणि फरशीवर त्यांच्या पायांच्या जागी रंगाचे ठिपके. केर काढताना खुर्ची बोटभर सरकली, तर काकांना बसल्याबसल्या कळतं. "माझ्या खुर्चीला कोणी हात लावला?" जसं काही सिंहासन.

बँडची नावं ही मंडळी घेत नाहीत. कव्हरवर जे चित्र, ते नाव. तीन तोंडांचा मासा, जळकी शिडी, काचेचा घोडा. नवख्या माणसाला वाटावं, जादूगाराने सामान विकायला काढलंय.

आणि नियमाप्रमाणे सुई उचलली, की मग मात्र जे सुरू होतं ते बघण्यासारखं. म्हणजे ऐकण्यासारखं. मला तिघांचेही आवाज काढता येतात, त्यामुळे मी दाराआड फुकटची शिकवणी घेते.

केमिस्टकाका रेकॉर्ड सांगतात ती औषधासारखी. "हा मासा ना, उपाशीपोटी ऐकायचा नाही. आधी काहीतरी हलकं घ्या. मग पहिली बाजू. दुसरी लगेच नको, झेपत नाही." त्यांना प्रोग्रेसिव्ह लागतं. एकच गाणं अख्खी बाजू खाणारं. आधी ऑर्गन, मग बासरी, मग वादळ, मग कोणीतरी कुजबुजतो, आणि शेवटी पहिली चाल परत.

"परत कशी आली बघितलीत?" केमिस्टकाकांचे डोळे भरून येतात.

"येणारच. रस्ता चुकला होता ना तो," मास्तर म्हणतात. "वीस मिनिटं पार्किंग शोधत फिरला आणि परत घरी आला. गाणं नाही रे ते, केमिस्ट. पेट्रोलची नासाडी."

मास्तरांना सरळसोट रॉक आवडतं. "पहिल्यात उचलला, दुसऱ्यात टाकला, आणि ड्रम आला की थेट चौथा!" असं म्हणताना त्यांचा हात हवेत गियर टाकतो. समोरचा काही बोलायला लागला की उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. ब्रेक.

काका दोघांच्या मधे. त्यांची लाडकी रेकॉर्ड एकच, 'रखवालदार'. घडी उघडली की टेबलभर पसरणारं कव्हर आणि त्यावर किल्ल्यांचा जुडगा धरलेला एक हात. गोष्ट अशी, की एक म्हातारा रखवालदार गावातलं एकेक दार बंद करत जातो. आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी सगळी वाद्यं गप्प होतात. फक्त किल्ल्या वाजतात. डावीकडून सुरू होतात, छुन छुन करत अख्खी खोली ओलांडतात, उजवीकडे जातात, तिथे कुलूप लागतं, आणि संपतं. बस. एवढ्यासाठी काका दोन्ही बाजू ऐकतात. किल्ल्या खोली ओलांडत असताना त्यांची मान जराशी फिरते, आणि त्यांचा चेहरा असा होतो की तिथे मला त्यांची नक्कल करता येत नाही.

माशी शिंकली ती इथेच. मध्यंतरी एका रविवारी कुलूप लागलं, सुई उचलली, आणि काका म्हणाले, "डावा स्पीकर गेला."

किल्ल्या म्हणे खोलीच्या मध्यावरच उगवल्या. डावीकडून आल्याच नाहीत.

मला तर दाराआडूनही स्वच्छ ऐकू आल्या होत्या. पण तज्ज्ञांचं कसं असतं बघा. काका म्हणाले मात्र, बाकीच्या दोघांनाही त्या क्षणापासून ऐकू येईनात.

"मला मघापासून वाटतच होतं," केमिस्टकाका म्हणाले. "डावीकडे जरा अशक्तपणा आहे."

"वायरिंग," मास्तर म्हणाले. "शंभर टक्के वायरिंग."

झालं. वायर बदलली. सुई बदलली. रेकॉर्ड केमिस्टकाकांनी घरी नेऊन कसल्याशा द्रावणाने धुऊन आणली. स्पीकर उघडला, मिटला, परत उघडला. किल्ल्या मध्यावरच. मग काकांनी डावा स्पीकर उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. आता स्पीकर बिघडला असेल, तर बिघाड उजवीकडे जायला हवा की नाही? गेला नाही. डावीकडेच राहिला. साधा माणूस इथे थांबेल, डोकं खाजवेल, विचार करेल. काकांनी भिंतीला दोषी ठरवलं.

"डावी भिंत आवाज पिते," ते म्हणाले.

त्या भिंतीला काकूचं कपड्यांचं कपाट होतं. ते हलवलं. पडदा काढला. घड्याळ काढलं. शेवटी काकू कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "आता मी राहिले. मला कुठे हलवताय?"

"तू जरा उजवीकडे सरक," काका म्हणाले. अगदी मनापासून.

मला उलगडा झाला तो माझ्या वाईट सवयीमुळे. काका मशीनवर कवळी घासत असतात तेव्हा मी मागून जाऊन त्यांच्याच आवाजात म्हणते, "माझ्या खुर्चीला कोणी हात लावला?" त्यावर ते मागे न बघता मेणाचा गोळा फेकतात आणि तो मला लागतो. हा आमचा जुना खेळ. त्या दिवशी मशीन बंद होतं. मी डावीकडून म्हटलं. गोळा आला नाही. परत म्हटलं. काही नाही. मला वाटलं, रागावले. उजवीकडे गेले, तेच म्हटलं, आणि गोळा बरोबर कपाळावर.

मशीन बाकाच्या डाव्या टोकाला आहे, कारण उजेड उजवीकडच्या खिडकीतून येतो. मला आठवतंय तेव्हापासून ते काकांच्या डाव्या कानाशी किंचाळतंय.

मी पळत काकूकडे गेले. काकू भांडी पुसत होती.

"काकू, काकांचा डावा कान गेलाय!"

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. रोज बोलते. आधी मला वाटलं, नवराच आहे, बायकोचं कशाला ऐकतोय. मग एकदा उजव्या बाजूला झोपले, तर सगळी उत्तरं यायला लागली." काकूने ताट आपटलं. "कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणतात माझा कान या गावात सगळ्यांत तयार आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? आमच्याकडे ऐकू येईना, स्पीकर वाकडा."

"मी सांगू?"

"सांग बाई. लोक या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात. यांची तीही सोय राहिली नाही. जे जाईल ते आतच राहील."

मी सांगितलं. उजवीकडून. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमची पिढी ना, फोनवर गाणी ऐकते. तुम्हाला डावं-उजवं काय कळणार?"

मला पूर्वी कधी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. तेही डाव्या भिंतीवर.

मग बुधवारी जेवताना काका म्हणाले, "या रविवारी माझी पाळी. रखवालदार लावणार. किल्ल्या डावीकडून आल्या तर ठीक. नाही आल्या तर हा पसारा बंद. रेकॉर्डी केमिस्टला, सेट भंगारात. बैठक त्यांच्याकडे भरवा म्हणावं. मी काही येणार नाही."

चिडून बोलले असते तर आम्ही हसलो असतो. पण ते मीठ मागावं तसं बोलले. आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर मागच्या खोलीत, साच्यांच्या प्लास्टरच्या पोत्यांशेजारी एक खोका होता, त्यात मासा, शिडी, घोडा नीट उभे लावून ठेवलेले. वर जुनी चादर. मी त्या दिवशी कोणाचीच नक्कल केली नाही.

काकूनेही खोका पाहिला. बराच वेळ चादरीचं टोक सारखं करत राहिली.

"लग्न ठरलं तेव्हा मला पहिल्यांदा 'रखवालदार'च ऐकवली होती," ती म्हणाली. "किल्ल्या वाजल्या तशी मी उठून उभीच राहिले. म्हटलं, चोर शिरला." मग एकदम तिचा आवाज बदलला. "मागच्या खोलीतलं ते फिरतं स्टूल आहे ना? त्याला तेल घाल. जरासुद्धा कुरकुरता कामा नये."

रविवारी मंडळी जमली. बघतात तर मधल्या ठिपक्यांवर काकांची खुर्ची नाही. स्टूल.

"माझ्या खुर्चीला कोणी..."

"पाय निखळलाय तिचा," काकू म्हणाली. खुर्ची माझ्या खोलीत पलंगाखाली होती, चारही पाय शाबूत.

"वहिनी, मी बसतो स्टुलावर," मास्तर म्हणाले.

"तुम्ही तुमच्या गाडीत बसा."

काका कुरकुरत बसले. सुई ठेवली. पहिली बाजू गेली, दुसरी लागली. कप हातात, माना ताठ. दुसरी बाजू संपत आली तशी काकू स्वयंपाकघरातून अनवाणी आली आणि काकांच्या मागे उभी राहिली. रेकॉर्डमध्ये कुठे काय येतं, हे तिला घड्याळाशिवाय कळतं. लग्नापासून भिंतीपलीकडून ऐकतेय बिचारी, कोणी विचारलेलं नाही एवढंच.

वाद्यं एकेक करून गप्प झाली. काकूने काकांचे दोन्ही खांदे धरले आणि गर्रकन त्यांना फिरवलं. स्पीकरकडे पाठ.

काकांचा चेहरा आता दाराकडे, म्हणजे माझ्याकडे झाला. तोंड उघडलं होतं. पण बोलणार कसे? सुई खाली होती. उठणार कसे? नियम कोणाचा? भुवया मात्र नियमात बसत नव्हत्या, त्यांनी जेवढं ओरडायचं तेवढं ओरडून घेतलं. मास्तरांचा पाय ब्रेकवर. केमिस्टकाकांनी कप दोन्ही हातांनी धरला.

आणि छुन.

काकांचा उजवा कान डाव्या स्पीकरकडे होता. भुवया खाली आल्या. छुन छुन. किल्ल्या चालायला लागल्या, तशी काकू त्यांना फिरवायला लागली, हळू, किल्ल्यांच्याच चालीने. काकांचा उजवा कान खोलीभर त्या रखवालदाराच्या मागे मागे गेला. डावी भिंत, पडदा नसलेली खिडकी, मग दोन स्पीकर, मग उजवा कोपरा. कुलूप लागलं तेव्हा ते पुन्हा होते तसे समोर तोंड करून बसले होते, आणि काकूचे हात अजून त्यांच्या खांद्यांवर होते.

रेकॉर्ड नुसती फिरत राहिली. टक, टक, टक. सुई उचलायला कोणी उठेना. शेवटी मीच जाऊन उचलली.

काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बघितलंत? भिंतच होती. कपाट हलवल्याचा फरक पडला."

काकूने कपाळाला हात लावला. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी नंतर आरशासमोर पुष्कळ वेळा काढून पाहिला. जमत नाही.

"वहिनी, आता मला फिरवा," मास्तर म्हणाले. "जळकी शिडी लावतो. थेट चौथ्यात."

"मला आधी," केमिस्टकाका म्हणाले. "माझंही डावीकडे जरा अशक्तच..."

"अशक्तपणा तुमच्या डोक्यात आहे!" काकू म्हणाली आणि कपबशा गोळा करून, सगळा आवाज करत, आत गेली.

खोका संध्याकाळी रिकामा झाला. सोमवारी सकाळी मागच्या खोलीत मशीन सुरू व्हायच्या आधी काकांनी मला हाक मारली. "कापूस आहे का गं?" मी दिला. त्यांनी तो उजव्या कानात नीट बसवला आणि मग मशीन चालू केलं.

दुपारी ते बूट घालत होते. "जरा सुई बघून येतो."

काकू त्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. "कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. चला, मी पण येतेय."

"कशाला?"

"डावा स्पीकर तपासायला."

काका पुन्हा बुटाकडे वाकले. नाडी बांधली, सोडली, परत बांधली. मग उठले, पुढच्या खोलीत गेले आणि 'रखवालदार' काखेत घेऊन आले.

"ही बरोबर असू दे," ते म्हणाले. "किल्ल्या कुठून यायला हव्यात, ते डॉक्टरांना कळायला नको?"

दवाखान्यात रेकॉर्ड लावायचं यंत्र नसतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. काकूने माझ्याकडे बघितलं आणि मास्तरांसारखाच पाय फरशीवर दाबला.