निगेटिव्हवरची हळद

वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडाला परतायचे. मागं गावी, डिंगोऱ्यात, आई दुसऱ्याच्या कांद्यात राबायची. भाकरी कमी पडली की तिला नेमकी भूक नसायची. वडील तापानं तिकडंच गेले, तेव्हा घरात त्यांचा फोटो नव्हता. जत्रेत काढलेला एक होता, तो शेळीनं खाल्लेला. निगेटिव्ह तेवढी उरली.

मी घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. होऊन जुन्नरच्या एका कलर लॅबमध्ये लागले. एका सकाळी मालक म्हणाले, "ताई, उद्या भंगारवाला मशीन न्यायला येतोय. कागद, केमिकल कुणी पाठवत नाय आता. नव्या प्रिंटरला निगेटिव्ह चालत नाय."

आज-उद्या करत वडिलांचा फोटो छापायचा राहूनच गेला होता. मी आईला फोन केला. मिळेल त्या एसटीनं ती निगेटिव्ह घेऊन आली.

पहिली प्रिंट निघाली, तर वडिलांच्या कपाळावर निळा डाग. निगेटिव्हवर पिवळं असतं ते कागदावर निळं उतरतं. मी आईकडं बघितलं.

"दर दसऱ्याला हळद लावती मी," ती म्हणाली. "देव्हाऱ्यात असत्यात ना ते."

"अगं, निगेटिव्हला कोण हळद लावतं?"

"मला काय म्हाईत निगेटिव्ह? मानूस हाय ना त्यात?"

मालक हसले. मला हसू येईना. कागद आता एकाच फोटोपुरता होता. ओल्या कापसानं डाग हलेना, घासावं तर चेहराच निघायचा. लुगड्यावरची हळद उन्हात उडते, पण उन्हात निगेटिव्हचे रंगही उडतात. मी काळ्या कागदाला डागाएवढं भोक पाडलं, तो निगेटिव्हवर ठेवला आणि गच्चीवर उन्हात धरून बसले.

"ऱ्हाऊ दे गं," आई म्हणाली. "हाय त्ये बी जाईल."

"गप बस, आई."

खालून मालक ओरडले, "ताई, आटपा! केमिकल दम सोडायला लागलंय."

डाग पुरता गेलाय की नाही, कळेना. तरी उतरले. निगेटिव्ह लावली, बटण दाबलं. मशीन कुरकुरत राहिलं. आईनं पदर तोंडात धरला होता.

आधी लाल पागोटं बाहेर आलं, मग कपाळ. निळं नव्हतं. उलट जरा जास्तच काळवंडलेलं; उन्हानं निगेटिव्ह तिथं फिकी पडली होती, आणि फिकं ते कागदावर गडद उतरतं.

"कोकणातनं आलं की असंच दिसायचं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मशीन भंगारात गेलं. त्यातून निघालेला शेवटचा रंगीत फोटो डिंगोऱ्यात आमच्या भिंतीवर आहे. तो माझ्या वडिलांचा आहे, आणि तो मी छापलाय.