पाठ झालेला रस्ता

शाळेत परिपाठ सुरू होता तेव्हा फोन आला. नानांच्या मागच्या ट्रकवर असलेला आमच्याच गावचा बबन बोलत होता. इंदूरच्या अलीकडे घाटात नवं वळण काढलं आहे, जुना रस्ता पत्रे लावून बंद केलाय. "नाना पत्रं तोडून सरळ दरीत गेलं, सर. दिवस चांगला वर आला हुता. ब्रेकसुदिक लावला न्हाई..." त्याला आता सव्वा महिना झाला. ब्रेक का लागला नाही हे बबनला कळत नव्हतं. मला कळलं होतं.

नाना माझे धाकटे चुलते. कर्जत तालुक्यातून कांदा, डाळिंब भरून त्यांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. जम्मू, गुवाहाटी, कन्याकुमारी... ते जेवायला बसले की आम्ही पोरं भोवती जमायचो. चंबळच्या घळी, बनिहालचा बोगदा संपताच समोर येणारं हिरवं खोरं, दक्षिणेच्या टोकाला रस्त्याकडेच्या पवनचक्क्या, हे सगळं मी आधी त्यांच्या तोंडून पाहिलं. घरातला पहिला पदवीधर होऊन मी पुढे भूगोलच शिकवू लागलो. संगमनेरच्या कॉलेजात प्रवेशाला तेच घेऊन गेले होते. कारकुनाला म्हणाले, "सायेब, ह्याला कुटंबी बसवा, पर खिडकीपाशी बसवा."

दोन वर्षांपूर्वी लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. दवाखान्यात नंबर यायच्या आधीच नाना मला हळूच म्हणाले, "मास्तर, त्या तक्त्यावरचं खालचं काय दिसंना मला." चष्म्यानं भागण्यातलं ते राहिलं नव्हतं. मी मोबाईलवर तक्त्याचा फोटो काढला आणि त्यांना घरी आणलं. दोन दिवस ओळीनं अक्षरं घोकून घेतली. "शाळंत पाडे आले न्हाईत, आन् आता पाठांतर घेतोस व्हय रं?" ते हसत होते, मीही हसलो. एकदाच म्हणालो, "नाना, गाडी बंद करा ना आता." "मंग काय करू? दारात बसून येनारे-जानारे मोजू?" पुढे मी विषय काढला नाही. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती. उपकार फेडायला मिळाले, असंच मला वाटलं. तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला.

पुढच्या मे महिन्यात मी त्यांच्यासोबत सोलापूरला गेलो. प्रत्येक वळणाआधी ते पुढचं सांगायचे. "रस्ता पाठ हाय मला," म्हणायचे, आणि गाडी खरोखर रेघेवरून चालावी तशी चालायची. मिरजगाव मागं पडलं. "आता चिंचा लागल्या बघ. कशी सावली हाय." रुंदीकरणात ती झाडं केव्हाच गेली होती. दोन्ही बाजूंना नुसतं ऊन होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समाधानानं समोर बघत होते... मी म्हणालो, "हो नाना, छान आहे."

अक्षरं घोकून घेतली ती चूक न कळता झाली, असं मी स्वतःला समजावू शकतो. त्या चिंचांचं तसं म्हणता येत नाही.

गेल्या रविवारी काकूला सगळं सांगितलं. ती ओसरीत मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"ठावं हुतं मला. घोकताना ऐकलं की."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की. लई येळा. माजं कुटं ऐकत हुते?" मग पुढची काडी उचलत म्हणाली, "तुजं ऐकलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला बसवेना. उठलो, दाराच्या उजव्या हाताला ठेवलेल्या तांब्यातलं पाणी प्यालो आणि तांब्या खिडकीत ठेवला. काकू मेथी बाजूला सारून उठली. तांब्या उचलून तिनं पुन्हा दारापाशी ठेवला. माझ्या हातून सरकलेली खुर्ची खांबाला टेकवली. नानांच्या चपला पायरीच्या कडेला होत्या, काठी कोपऱ्यात... दोन वर्षं त्या घरातली एकही वस्तू जागची हलली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

"ऱ्हाऊ दे जागंवर," ती म्हणाली. "त्येंच्या हाताला लागत न्हाई मंग."