हिरव्या पाटीखाली

"सदरा काढ."

मला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतोय. मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"तुलाच म्हणतोय म्हाताऱ्या. सदरा काढ आणि हे कमरेला गुंडाळ." साहेबानं माझ्या अंगावर एक पंचा फेकला. साहेब म्हणजे आमच्या पोल्ट्रीचा सुपरवायझर. माझ्या नातवाच्या वयाचा.

"कशाला?"

"तू आदिवासी ना? मग आज जडीबुटीवाला बाबा बनायचं. नाशिकची गिऱ्हाइकं शेड बघायला येतायत."

शेठ बाजूला मोबाइल बघत उभा. हसला. "बाबा, केस पण जरा विस्कट."

मी सुरगाण्याकडचा आदिवासी, हे खरं. पण उभी हयात नाशिकला अंबडच्या कारखान्यात लोखंड कापण्यात गेली. शाळा दुसरीपर्यंत, पण सदऱ्याची कॉलर कधी मळू दिली नाही. पाला म्हणाल तर कोथिंबीर अन् मेथी ओळखतो. जडीबुटी कुठली? कारखाना सुटला. गावाकडच्या नागलीच्या शेतीवर नवरा-बायकोचं वर्ष निघत नाही. म्हणून म्हातारीला घेऊन पोल्ट्रीवर कामाला आलो. शेडच्या मागं एक खोली दिली. ती गेली तर म्हातारीला घेऊन जायचं कुठं, ही भीती घेऊनच रोज उठायचो.

सदरा काढला. कोंबड्यांच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला अडकवला. म्हातारी खोलीच्या दारात होती. तिनं तोंड फिरवलं.

वर शेडच्या भिंतीला हिरवी पाटी. 'औषधमुक्त कोंबडी. फक्त वनस्पतींवर वाढवलेली.'

आधी आधी ते खोटं नव्हतं. हळद, लसूण, ओवा, कडुनिंब असली भुकटी पोत्यांतून यायची, मी खाद्यात मिसळायचो. शेडमध्ये पिल्लं मोकळी फिरायची. खाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं असायचं. बरी वाढली. मग मागणी आली. शेठनं त्याच शेडमध्ये पिल्लं दाटली. तूस ओलं राहायला लागलं, आत शिरलं की डोळे झोंबायचे. कोंबड्या माना टाकायला लागल्या. भुकटी होती तेवढीच होती, ती तरी काय करणार? कोंबड्या आजारल्या की गप्प होतात. भरलेलं शेड, अन् आवाज नाही.

साहेबानं अँटिबायोटिकची पाकिटं आणली. "टाकीत टाक. पाकिटं जाळ. कुठं बोललास तर खोली खाली."

टाकत होतो. जाळत होतो. विक्रीच्या आधी काही दिवस हे औषध बंद ठेवावं लागतं, असं एकदा साहेबच शेठला सांगत होता. शेठ म्हणाला, "गाडी उद्या भरायचीय."

पाटी तशीच राहिली.

तर मी पाटीखाली उघडा बसलेलो. पुढ्यात पाटा-वरवंटा, त्यावर कसलातरी पाला. साहेब लोकांना सांगतोय, "हे आमचे बाबा. यांचं पिढीजात ज्ञान." लोक फोटो काढतायत. एक जण म्हणाला, "बाबा, थोडं जंगलातल्यासारखं बघा ना."

एक बाई माझ्यासमोर उकिडवी बसली. कुशीत लेकरू.

"बाबा, याला मागं ताप आला तर औषध लागूच पडेना. डॉक्टर म्हणाले, कोंबडीतूनही उगाच औषधं पोटात जाऊन जाऊन ती निकामी व्हायला लागलीत. म्हणून इतक्या लांब आले. यात खरंच काही नाही ना?"

साहेब माझ्या मागं आला. त्याच्या बुटाचं टोक माझ्या उघड्या पाठीला लागलं. जरासंच.

"सांगा की बाबा."

लेकरू माझ्याकडं बघत होतं.

उठलो. नळावरचा सदरा घेतला, अंगात घातला. बटणं लागेनात. तरी लावली, पार गळ्यापर्यंत. मग बोललो.

"बाई, मला पाल्यातलं काय कळत नाय. मी कारखान्यातला माणूस हाय. पण आज सकाळी ह्या टाकीत औषध टाकलंय. मीच टाकलंय, ह्या हातानं. लेकराला नका देऊ."

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय!" साहेब ओरडला.

शेठ जवळ आला. हळू बोलला. "माझ्या खोलीत राहतोस अन् माझंच वाटोळं करतोस? लायकी काय रे तुझी?"

दारातून म्हातारी म्हणाली, "खोली ठेव तुझी. मी भांडी बांधली." मग माझ्याकडं बघून, "किती येळ ओ बटनं लावायला!"

आता गावी आहोत. खोटं वाटेल, पण भीती गेलेली नाही. वाढली. शेठच्या माणसांचे फोन येतात. बदनामीची केस टाकू म्हणतात, उचलून नेऊ म्हणतात. वाटेला जीप थांबली की दाराला कडी घालतो. नागली पुरणार नाही, ते वेगळंच.

पण नाशिकला सरकारी हापिसात तक्रार दिलीय. त्यांनी बोलावलंय, शेठसमोर पुन्हा सांगायला. म्हातारीनं सदरा धुऊन वाळत घातलाय.

जाणार. भीत भीत जाणार, पण जाणार. टाकीत औषध कोणी टाकलं म्हणतील, तर 'मी' म्हणेन. टाकायला कोणी लावलं, तेही शेठच्या तोंडावर सांगेन. अन् त्यानं तिथं 'बाबा' म्हणून हाक मारली तर वळणार नाही. मला नाव आहे. त्या नावानं विचार म्हणेन.