बांधीचे सतरा मिस्ड कॉल

बाबांचा गुडघा सुजला तेव्हा धान नेमका पोटरीत आला होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालायचं नाही. बाबांना काळजी गुडघ्याची नव्हती, खेकड्यांची होती. खेकडे धुऱ्याला भोक पाडतात आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, भरलेलं पाणी गुपचूप खालच्या बांधीत उतरतं. रोज धुरा फिरून ती भोकं बुजवायची, हे बाबांचं काम.

"तुम्ही खाटेवर बसा. पाणी उतरलं की बांधीच फोन करते," मी म्हणालो. आईलाही शब्द दिला, या माणसाचा पाय धुऱ्यावर पडणार नाही.

मला सोल्डरिंगची जुनी खोड आहे. घरातली एक इस्त्री, दारावरची घंटा आणि शेजाऱ्यांचा रेडिओ यांनी ती सोसलेली आहे. या वेळी जुना बटणांचा मोबाइल उघडला. त्याचं दोन नंबरचं बटण दाबून धरलं की साठवलेला नंबर लागतो. त्या बटणाला दोन तारा जोडल्या, त्यांची टोकं पाइपाच्या तुकड्यात, वर तरंगता थर्माकोल. पाणी उतरलं की थर्माकोल खाली बसणार, तारा भिडणार, फोन लागणार. रविवारी बांधीत रोवून थर्माकोल हातानं दाबला आणि माझ्या खिशात मोबाइल वाजला. मी चिखलात नाचलो.

सोमवारी जवाहरनगरला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामावर गेलो. गेटवर मोबाइल जमा केला आणि आत गेलो. आत मोबाइल चालत नाही. बारा वर्षांपासून चालत नाही, आणि हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे.

संध्याकाळी मोबाइल हातात आला तेव्हा त्यावर बांधीचे सतरा मिस्ड कॉल होते.

गाडी तशीच शेताकडे दामटली. धुऱ्यावर बाबा बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, शेजारी काठी, समोर बुजवलेलं भोक.

"बाबा! तुम्हाले कोणी सांगितलं पाणी चाललं म्हणून?"

"कोणी नाही. तुझी मशीन बरी हाय का नाही, ते पाहाले आलो होतो."

"अन् आई?"

"तिचा डोळा लागला होता." बाबांनी बांधीत रोवलेल्या पाइपाकडे बोट केलं. "अर्धं पाणी निघून गेलं. मशीन बिचारी फोनावर फोन लावून राहिली होती. तू काहून नाही उचलला?"

मी गेटचं सांगितलं.

"मंग लेका, खेकड्याले सांगाचं होतं, रविवारीच भोक पाड म्हणून."

घरी आईनं बाबांचा गुडघा शेकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा नंबर टाक त्याच्यात."

टाकला. त्यानंतर बांधीचा फोन आला की आई फावडं घेऊन निघायची. बाबांनीही तोडगा काढला: डॉक्टरांची मनाई धुऱ्याची आहे, सडकेची नाही.

पुढे एकदा खेकड्यानं खरंच रविवारी भोक पाडलं, म्हणून मला हे बघायला मिळालं. बाबा सडकेच्या पुलावर काठी टेकून बसले होते आणि तिथूनच ओरडत होते, "डावीकडं! अजून डावीकडं!" आई ऐकल्याचं न दाखवता उजवीकडून शोधत आली. भोक डावीकडेच निघालं.