पंचफुलाबाईची हळदगोळी

हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात कपाशी छातीला लागली की सकाळी पंचफुलाबाईच्या दारात फवारणीवाल्यांची रीघ लागायची. हळद, सुंठ, आवळ्याची भुकटी आणि जुना गूळ कुटून ती सुपारीएवढ्या गोळ्या वळायची. फवाऱ्याचं विष बाधू नये म्हणून गोळी चघळल्याशिवाय पाठीवर पंप घ्यायचा नाही, हा तिच्या सासूपासूनचा रिवाज.

मी तिची शेजारीण. हळदीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नव्हे, पण त्या गड्यांचा मला भारी संताप यायचा. तोंडाला साधा रुमाल नाही, अंगात बिनबाह्यांची बनियन. बोललं की उत्तर तयार, "गोळी खाल्ली हाय की!" बाईचा मुलगा बजरंग तर सगळ्यांवर कडी. पंपाचं नोझल तुंबलं की तो ते सरळ तोंडात धरून फुंकायचा.

मागच्या हंगामात एका दुपारी त्याला शेतातून उचलूनच आणलं. तोंडातून लाळ, अंग घामानं निथळलेलं, धड बोलता येईना. बाई हळदीचं दूध घेऊन धावली. मी पेला हिसकावला आणि ओरडले, "काही पाजू नका, आधी दवाखाना!"

दवाखान्यात बाई बाकावर टेकेना. नुसती येरझाऱ्या घालत होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तशी तिनं त्यांचा हात धरला. "माझी गोळी कमी पडली का वं?"

"आजी, हळद-आवळा रोजच्या खाण्यात चांगलाच," त्या म्हणाल्या. "पण फवारा नाकातोंडातून, कातडीतून आत शिरतो. त्याला गोळी अडवत नाही. अंगभर कपडे, हातमोजे आणि मास्कच पाहिजे."

बजरंग वाचला, पण बाईची झोप उडाली. ज्वारी निवडता निवडता मध्येच उठून माझ्याकडे यायची. "माझ्या गोळीच्या जिवावर ही लेकरं उघडी फिरून राहिली. म्या त्यांना राखलं का मारलं?" माझा जीव तुटायचा.

यंदा बजरंग पुन्हा पंप घेऊन निघाला. बाईनं मास्क पुढं केला.

"दम कोंडतो, माय. गोळी दे."

"केल्या न्हाईत."

"कामून?"

"न्हाई केल्या. आता करणार बी न्हाई."

आधी तो हसला. मग बाकीचे गडी आले, तेही गोळीविना उभे राहिले. कुणी कपाशीकडे पाहीना, कुणी पंपाला हात लावीना. इतकी वर्षं त्या विषात बिनघोर शिरणारा बजरंग पहिल्यांदाच चुळबुळत होता. शेवटी पंप खाली ठेवून तो आत गेला. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे घालून आला आणि आईच्या हातातला मास्क घेऊन बांधला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, पोरगं भ्यालं की हो."

"भिऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "भ्यालेला घरी येतो."