साक्षीदार विनायकमास्तर

कोर्टात पुकाऱ्याची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा कल्याणहून आलेल्या माणसाने चिठ्ठी हातात दिली. विनायक पहाटे गेला. काम तहकूब करून घेतलं आणि गाडीने निघालो, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. याला आता दीड महिना होईल. मास्तर फार विद्वान होते, असं जो तो म्हणतो. ते खरंच आहे. पण ती विद्वत्ता त्याला केवढ्याला पडली, आणि ती किंमत त्याने कशी चुकवली, हे मला ठाऊक आहे... म्हणून लिहायला बसलो.

मुंबईच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी परीक्षेपुरता वाचायचो. विनायक मात्र युरोपातल्या तत्त्ववेत्त्यांविषयी घरच्या माणसांसारखा बोलायचा. ‘मी’ म्हणजे कोण, हा त्याचा एकच ध्यास. पुढे तो ठाण्यात शिक्षक झाला, मी वकिली मांडली, आणि संध्याकाळी तलावाच्या काठी तो मला हे सगळं मराठीत उलगडून सांगू लागला. एका फ्रेंच माणसाने सगळ्यावर संशय घेतला, पण संशय घेणारा तेवढा नाकारता येईना. एक इंग्रज म्हणतो, जिथवर माझी आठवण पोचते तिथवर मी. त्यापलीकडे जे घडलं ते करणारा दुसराच कोणी. एका स्कॉटिश गृहस्थाने आत डोकावलं, तर थंडी, ऊन, राग, भूक असे पाहुणे येता-जाताना दिसले, यजमान काही सापडेना. आणि जर्मन पंडिताचं म्हणणं, यजमान दिसणार नाहीच. पण तो नसेल तर हे सगळे पाहुणे एकाच घरी आले, असं म्हणणार कोण? विनायकचा ओढा इंग्रजाकडे. अरे, मग तान्हेपणी पाळण्यात पडला होता तो तू नव्हेसच, अशी मी थट्टा करायचो. तो हसायचा, पण मत सोडायचा नाही.

त्या काळी लिहिता-वाचता माणूस दिसला की लोक त्याला जमिनीच्या खरेदीखतावर साक्ष घालायला धरून नेत. विनायकने कोणाला नाही म्हटलं नाही; किती कागदांवर सह्या केल्या, त्याची गणती नसेल. पुढे तो कल्याणच्या शाळेत गेला, आणि वीसेक वर्षांनी कोलशेतच्या पास्कूचा दावा माझ्याकडे आला. पास्कू खाडीकाठचा ख्रिस्ती शेतकरी. त्याच्या बापाने विकत घेतलेल्या भातशेताचं खत खोटं आहे, असं विकणाऱ्याचे वारस म्हणत होते. दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता, दुसरा विनायक. मी निर्धास्त होतो. पिंजऱ्यात त्याने सही लगेच ओळखली. विकणाऱ्याने तुमच्यासमोर अंगठा केला का, असं विचारल्यावर मात्र त्याने कागद पुन्हा हातात घेऊन न्याहाळला.

"सही माझी आहे," तो म्हणाला, "पण तो प्रसंग मला आठवत नाही. जे आठवत नाही ते मी पाहिलं, असं शपथेवर कसं सांगू?"

दावा गेला. बाहेर आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो. त्या इंग्रजाच्या नादी लागून गरिबाचं शेत घालवलंस, म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. पंधरा दिवसांनी होडीने कोलशेतला गेला आणि कल्याणजवळचा, स्वतःच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा त्याने पास्कूला कायमचा कसायला दिला. "मास्तर, तुमी खोटा नाय बोलले," म्हणत पास्कू नकोच म्हणत होता. भावांनी विनायकशी बोलणं टाकलं. मला तो एवढंच म्हणाला, की खोटं मी आजही बोलणार नाही, पण आठवत नाही म्हणून सहीतून सुटका होत नाही रे. कागद मात्र केला नाही. शब्द पुरे, म्हणाला.

शेवटच्या दोन वर्षांत त्याची आठवणच गेली. मूलबाळ नव्हतं. पुतण्याने पास्कूला निरोप धाडला, की काकांना शेत दिल्याचं आठवत नाही, तेव्हा सोडून दे. पास्कू माझ्याकडे आला. कागद नाही, आणि देणाऱ्याला आठवण नाही. वकील म्हणून माझ्या हातात काहीच नव्हतं. तरी त्याला घेऊन कल्याणला गेलो.

विनायक खाटेवर बसला होता. "आपण कुठले?" असं त्याने मला अदबीने विचारलं. मी साक्षीपासून शेतापर्यंत सगळी हकिकत सांगितली. पुतण्या दारात उभा होता. विनायक परक्याची गोष्ट ऐकावी तसा ऐकत होता... मग त्याने पास्कूकडे पाहिलं.

"मला यातलं काही आठवत नाही," तो म्हणाला. "पण चूक माझ्या हातून झाली असेल, तर दिलेला शब्दही माझाच. शेत यांच्याकडेच राहील."

पुतण्याने त्यानंतर शेताचं नाव काढलं नाही, काका गेल्यावरही नाही. ‘मी’ कोण याचं जे उत्तर जन्मभर पोथ्या धुंडाळून सापडलं नाही, ते विनायकने सगळं विसरल्यावर सहज सांगून टाकलं, असं मला वाटतं. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा त्या शेताकडे गेलो होतो. पास्कूची सून चिखलात वाकून भाताची रोपं लावत होती. मी बांधावर बसलो, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा रडलो.