उन्हात तापलेला मेंढा

वैशाखातल्या दुपारी शेजारच्या रखमाबाई मेंढ्याला झाडाखाली बांधून त्याच्या अंगावर पाणी ओतत होत्या. तो तोंड उघडून धापा टाकत होता. यंदा माद्या गाभण राहिल्या नाहीत, म्हणून त्यांचे यजमान त्या विकायला निघाले होते.

"माद्यांना कशाला बोल लावताय?" त्या कडाडल्या. "उन्हानं नराचंच बीज नासलंय. त्याला सावलीत ठेवा आधी."

मेंढा निमूट उभा होता. त्याच्या अब्रूला काही धक्का लागल्याचं दिसलं नाही.

लग्नानंतर सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या, उपासही मीच केले. आता सासूबाईंनी "गोड बातमी कधी?" विचारलं, की मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, "तुमच्या मुलाला विचारा. तपासायचे तेवढे तेच राहिलेत."